चासी कोपऱ्यात, किट ट्रॅकवर: म्हापशातल्या एका क्लब रेसबाईकचं प्रकरण

गोव्यात मोटरसायकल रेसिंगचा पक्का डांबरी ट्रॅक नाही. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला 2.1 किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे, आणि खिशात दम असेल तर ग्रेटर नोएडाचं 5.125 किलोमीटरचं बुद्ध सर्किट. म्हणजे गाडी पिकअपमध्ये दोरखंडाने आवळायची, घाट चढायचा आणि अख्खं कर्नाटक ओलांडायचं. तरीही म्हापशाजवळच्या एका गॅरेजने हौशी क्लब रेसिंगसाठी नवी स्पोर्ट बाईक बनवायला घेतली. ती बाईक बनली, पळाली, आणि तरी शर्यतीत उतरली नाही. तिच्यातून निघालेलं दुसरंच काहीतरी आज ट्रॅकवर आहे.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. या कामात चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, भूमिती आणि खर्चाचा हिशेब एवढ्यापुरता माझा संबंध. माणसांची नावं त्यांच्या सांगण्यावरून गाळली आहेत.

गॅरेजचा मालक तिशीतला. त्याची रोजीरोटी रेंट-अ-बाईकवर चालते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या त्या गाड्या हंगामात कळंगुट-हणजूण पट्ट्यात पडतात आणि याच्याकडे येतात. पर्यटक वाळू सांडलेल्या वळणावर पुढचा ब्रेक दाबतो, बाकीचं सांगायला नको. दुसरा माणूस वेल्डर. मूळ डिचोलीचे, उमेदीची वर्षं कुठ्ठाळी-रासईच्या बाजूला खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या दुरुस्तीच्या यार्डांत गेली. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, बार्ज किनाऱ्याला लागल्या, तेव्हापासून मिळेल ते काम. सगळे त्यांना काका म्हणतात आणि ते मालकाला थट्टेने पात्रांव, म्हणजे शेठ, म्हणतात. तिसरा रायडर. वेर्णेच्या एका औषध कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, सुट्ट्या साठवून ट्रॅक-डेला, म्हणजे शर्यतीशिवाय ट्रॅकवर गाडी पळवायला, जाणारा. ही बाईक खरं तर त्याच्यासारख्यांसाठीच होती: पगारदार माणूस, एकच गाडी, पडला तर पुढच्या महिन्याचा हप्ता डळमळणार.

इंजिन कुठलं

यावर फार वाद झाला नाही. नवीन इंजिन घडवणं हा कोणाच्याच आवाक्यातला नसलेला विषय, त्यामुळे बाजारातलंच घ्यायचं होतं. मोह केटीएम आरसी 390 च्या 373 सीसी इंजिनाचा होता, 43 हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद. टीव्हीएस अपाचे आरआर 310 चं 312 सीसी इंजिनही चर्चेत आलं. निवडलं मात्र यामाहा आर15 चं 155 सीसी: 18.4 हॉर्सपॉवर, सहा गिअर, पाण्याने थंड होणारं. मालकाचं कारण साधं होतं. या इंजिनाचा पिस्टन, क्लच प्लेटी, गॅस्केट म्हापशात सकाळी मागितलं तर संध्याकाळी हातात येतं.

रायडर नाराज झाला. त्याच्यासाठी मी कागदावर एक हिशेब मांडला. रस्त्यावरची आर15 पेट्रोल-तेलासह 142 किलो, वर 70 किलोचा माणूस, एकूण 212. आरसे, दिवे, स्टँड, मडगार्ड, मागची सीट, जड सायलेन्सर असं काढत आणि हलकं करत 20 किलो उतरवले, तर उरलेल्या 192 किलोंना तेच इंजिन असं ओढेल की जणू दोन हॉर्सपॉवर वाढली. इंजिन न उघडता. शिवाय हलकी गाडी ब्रेकवर थांबते आणि टायर कमी खाते. इंजिन फोडून दोन हॉर्सपॉवर काढायला किती पैसे लागतात ते त्याला ठाऊक होतं, म्हणून तो गप्प बसला.

काकांची चासी

अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन आणलं आणि त्याभोवती पाईपांची जाळीदार चासी उभी राहू लागली. ॲल्युमिनियमचा विचार सुरुवातीलाच सोडला. लोखंडी पाईप वाकला तर कुठल्याही गावात कापून जोडता येतो.

पाईपाच्या निवडीत काकांशी झालेली चर्चा सांगण्यासारखी आहे. 25.4 मिमी व्यासाचा 2 मिमी जाडीचा सीमलेस पाईप मीटरला साधारण 1.15 किलो भरतो. 31.8 मिमी व्यासाचा 1.6 मिमी जाडीचा घेतला तर वजन 1.19 किलो, म्हणजे जवळजवळ तेवढंच, पण तो वाकायला सुमारे 70 टक्के जास्त जोर लागतो. कागदावर दुसरा पाईप सरळ जिंकतो. काकांनी तो हातात धरला, कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, जिथे पाच पाईप एका गाठीत येतात तिथे हा जळतो. मी जाळणार नाही, पण कोइमतूरला रात्री जो दुरुस्त करील तो जाळील." पहिला पाईप घेतला. माझ्या मते या कामातला तो सगळ्यात बरोबर निर्णय होता, आणि तो आकडेमोडीतून आला नव्हता.

आर्गन वेल्डिंगला पंखा चालत नाही, वाऱ्याने गॅस उडतो आणि टाका सच्छिद्र होतो. मे महिन्यात पत्र्याखाली पंखा बंद करून काका कामाला बसत. पुढे जून लागला तसा दुसराच त्रास: संध्याकाळी घासून चकचकीत ठेवलेला पाईप सकाळी तपकिरी. म्हणून जेवढं जोडायचं तेवढंच घासायचं आणि जोडून झाल्याबरोबर प्रायमर मारायचा. चासी जिगवरच, म्हणजे तिला आवळून धरणाऱ्या साच्यावरच, थंड होऊ द्यायची, घाईने सोडली तर स्टिअरिंगची नळी एका बाजूला ओढली जाते. बार्जच्या पत्र्यावर वर्षानुवर्षं हेच बघितलेल्या माणसाला ते सांगावं लागलं नाही. टाके कुठून कुठे आणि कुठल्या क्रमाने घालायचे ते त्यांनी खडूने पाईपांवर आधीच लिहून ठेवलं होतं.

चाचणी कुठे घ्यायची हा प्रश्न होताच. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 39 त्याबाबत स्पष्ट आहे. पहाटे कोण बघतंय म्हणणारे भेटले, पण मालकाने ऐकलं नाही आणि बरं केलं. एका ओळखीच्या माणसाच्या बंद खाण-प्लॉटवर, जिथे पूर्वी खनिजाचे ढीग असत, परवानगी घेऊन गाडी सरळ रेषेत चालवली. लाल धूळ एअर फिल्टरमध्ये इतकी भरली की तिथे इंजिनाबद्दल काही ठरवणं व्यर्थ होतं. ब्रेक आणि चेनची रेषा तेवढी तपासून झाली. मग गाडी सावंतवाडी-आंबोली-आजरा करत कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर नेली.

तिथे रायडरने पहिली तक्रार केली: गाडी वळणात जड, ढकलून आत घालावी लागते. चासीचा रेक (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) 24 अंश, फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे दांडे, धरणाऱ्या टीचा ऑफसेट (त्या आसापासून फोर्क जेवढे पुढे असतात ते अंतर) 27 मिमी, पुढच्या चाकाची त्रिज्या साधारण 293 मिमी. यातून ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगचा आस जमिनीला मिळतो तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, 101 मिमी येतो. ट्रेल जास्त म्हणजे सरळ रेषेत गाडी निवांत, पण वळायला आळशी. पहिला उपाय फुकटचा: फोर्क टीमधून 10 मिमी वर सरकवले. गाडी पुढून खाली बसते, रेक अंदाजे 0.4 अंशाने उभा होतो, ट्रेल सव्वादोन-अडीच मिमीने घटतो. फरक जाणवला, पुरेसा नव्हता. मग लेथवाल्याकडून 32 मिमी ऑफसेटची नवी टी करून घेतली. रेक तोच ठेवून नुसत्या या पाच मिलिमीटरांनी ट्रेल साडेपाच मिमी उतरतो. दुसऱ्या खेपेला रायडर हेल्मेट काढून हसत आला. गाडी छान झाली होती, यात शंका नाही.

नियमपुस्तक

आणि इथेच अडलं. बेंगळुरूच्या एका जाणत्या मेकॅनिकला मालकाने फोटो पाठवले. त्याने कौतुक केलं आणि विचारलं, कंपनीचा चासी नंबर कुठे आहे?

भारतात हौशी रायडर ज्या पायरीवरून चढतो ते राष्ट्रीय स्पर्धेचे वर्ग बाजारातल्या गाड्यांवर बेतलेले असतात, 165 सीसीचा प्रो-स्टॉक हा त्यातलाच. मुख्य चासी कंपनीचीच लागते. कंपन्यांच्या आपापल्या एकाच मॉडेलच्या मालिका आहेत, जसा 2021 पासूनचा रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप. तिथे तर बाहेरच्या गाडीचा प्रश्नच नाही. मालकाने नियम वाचले होते, पण इंजिन आणि टायरपुरते. गावोगावच्या डर्ट ट्रॅक शर्यतींत घरगुती बदलांकडे जी सैल नजर असते तीच इथेही असेल असं त्याने धरून चाललं होतं. काकांची चासी कुठल्याच वर्गात बसत नव्हती. ट्रॅक-डेला चालवा, मजा करा, पण ग्रिडवर, म्हणजे शर्यतीच्या रांगेत, जागा नाही.

अशी गाडी जगात चालतच नाही असं नाही. जर्मनीच्या क्रेमर कंपनीने केटीएमचं 690 सीसीचं एकसिलिंडर इंजिन घेऊन फक्त ट्रॅकसाठी बाईक बनवली, पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या भागात घातली, आणि पुढे 2021 मध्ये केटीएमने त्यांच्याबरोबर आरसी 8सी च्या 100 गाड्या काढल्या. पण तिकडे क्लबांच्या शर्यतींत अशा गाड्यांना शिरायला जागा असते. आपल्याकडचं जवळचं उदाहरण मोटारींतलं आहे. ज्यांच्या नावाने कारी स्पीडवे ओळखला जातो त्या करिवर्धन यांनी 1980 च्या दशकात मारुतीचं इंजिन वापरून स्वस्त एकआसनी रेसकार बनवली, आणि त्या गाड्यांचा स्वतंत्र वर्गही उभा राहिला. म्हापशाच्या गॅरेजला गाडी बनवता आली, वर्ग बनवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. सारख्या दहा-पंधरा गाड्या आणि एक आयोजक असल्याशिवाय वर्ग होत नाही.

महिनाभर चासी ताडपत्रीखाली पडून होती. कोणी उघडपणे बोलत नव्हतं, पण पैसे गेल्याची कुरकुर घराघरात चालू असणारच.

गोणीतलं भंगार

वाट सापडली ती गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागलेल्या गोणीत. भाड्याच्या गाड्यांचे मोडके भाग मालक भंगारवाल्यासाठी साठवतो. पावसाळ्यात काम कमी असतं, एका दुपारी त्याने ती गोणी जमिनीवर ओतली आणि आम्ही भाग लावत बसलो. क्लच लिव्हर जवळपास सगळे बुडाशी मोडलेले, म्हणजे बोटाला धरायलाही काही उरलेलं नाही. हँडल वाकलेले. फूटरेस्टचे ओतीव हात तुटलेले, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे काहींच्या बोल्टला चासीच्या आट्यांचा तुकडा चिकटून आलेला. इंजिनाच्या कव्हरांना खालच्या कडेला घासून पडलेली भोकं.

मालक म्हणाला, "फूटरेस्ट मोडला तर शेकड्यांत काम होतं. चासीचा आटा गेला की गाडी गेली. फूटरेस्ट लवकर मोडायला हवा होता."

हा माणूस नऊ-दहा हंगाम पडलेल्या गाड्या उभ्या करत होता. पडल्यावर काय मोडतं हे त्याच्याइतकं मोठ्या कंपनीच्या डिझायनरलाही रोज बघायला मिळत नसेल. नवी चासी बनवताना त्याने हे ज्ञान वापरलंच नव्हतं, कारण तेव्हा डोक्यात वेग होता. हौशी रायडरचा वेग मात्र चासीत नसतो. तो जास्त फेऱ्या मारण्यात असतो, आणि शनिवारी पडलेली गाडी रविवारी सकाळी उभी राहिली तरच फेऱ्या होतात.

मग ठरलं: आर15 ची कंपनीची चासी, कंपनीचं इंजिन जसंच्या तसं. बदलायचं ते त्याभोवतीचं, जे जमिनीला टेकतं, आणि ते भाग एका किटमध्ये द्यायचे. आणि प्रत्येक भाग कुठे मोडायचा ते आपण ठरवायचं.

फूटरेस्टवर सगळ्यात जास्त वेळ गेला. 10 मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी चासीला दोन बोल्टनी, आणि तिच्यात 22 मिमीची सळी. सळीला मुळाशी 18 मिमीचा गळा काढायचा. वाकवणाऱ्या जोरापुढे गोल सळीची ताकद व्यासाच्या घनावर जाते, त्यामुळे गळ्यापाशी ती मूळच्या 55 टक्केच उरते. पडल्यावर तिथेच तुटणार, पट्टी आणि आटे वाचणार. लेथवाल्याने पहिल्या नमुन्यात टोकदार हत्याराने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच मारून दिली, दिसायलाही नीटस. ती मी परत पाठवली. तशा खाचेच्या तळाशी ताण एकवटतो, रायडर दर वळणाला पायावर वजन टाकतो, आणि एक दिवस न पडताच, भर वळणात, फूटरेस्ट पायाखालून जातो. गळ्याला 3 मिमीची गोलाई दिली. बाहेरचं टोक 8 मिमी त्रिज्येचं गोल, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत तसं आहे आणि मांडीत टोक घुसू नये हे त्यामागचं कारण कोणालाही पटेल.

लिव्हरला टोकापासून चार बोटं आत छोटी खाच, म्हणजे टोक मोडेल आणि दोन बोटांना पुरेल एवढा लिव्हर उरेल. क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कला कडीने आवळलेल्या, हँडलची कडी वेगळी आणि नळी वेगळी, वाकली तर फक्त नळी बदलायची. चासी वाचवणारे नायलॉनचे गट्टू मात्र मुद्दाम आखूड ठेवले. बाजारातले लांब गट्टू दिसायला भक्कम असतात, पण बोल्टवर येणारा वाकवणारा जोर लांबीच्या प्रमाणात वाढतो, आणि बाहेर आलेला गट्टू ट्रॅकच्या कडेला अडकला की घसरणारी गाडी कोलांट्या खाते. रायडरला लांबच हवे होते. त्याला गोणीतला एक वाकलेला बोल्ट दाखवल्यावर वाद संपला.

फेअरिंग, म्हणजे गाडीभोवतीचं फायबरचं कवच, शापोरा नदीकाठी फायबरच्या होड्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून घेतली. पहिला नमुना उचलला तेव्हाच हात खाली गेला. होडीच्या सवयीने त्याने जाड मॅटचे थरावर थर दिले होते. "समुद्रात फुटलं तर माणूस बुडतो," हे त्याचं म्हणणं. त्याला समजावलं की हे फुटायलाच हवं, फक्त तुकडे उडता कामा नयेत. मग 300 ग्रॅमच्या मॅटचे दोनच थर, आणि स्क्रूच्या जागी तेवढा तिसरा. खालचा भाग मात्र त्याच्या पद्धतीनेच ठेवला. इंजिन फुटलं तर तेल ट्रॅकवर न सांडता त्या भागात साठलं पाहिजे, आणि पाणी न गळणारं भांडं बनवणं हा तर त्याचा धंदाच. तळाला 25 मिमीचं भोक आणि त्याला बूच, पावसाच्या शर्यतीतच काढायचं.

तेलाच्या बोल्टला लॉकवायर, म्हणजे तो सैल होऊ न देणारी तार, लावायचं काम मालकाच्या भाच्याकडे होतं. बोल्टच्या षटकोनी डोक्यात कोपऱ्यातून तिरकं दीड मिमीचं भोक पाडायचं. ड्रिल घसरतं आणि मोडतं. त्याने आधी कानशीने कोपऱ्यावर सपाट टेकू केला, पंच मारला, थेंबभर तेल सोडलं आणि मग ड्रिल लावलं. नंतर एकही मोडलं नाही. तार पिळताना दिशा अशी धरायची की बोल्ट सैल व्हायला गेला तर तार ताणली जावी. हे त्याला एकदाच सांगितलं.

शर्यतीत रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट चालत नाही, ते सांडलं तर मागच्याचा टायर साबणावरून जातो. साधं पाणी भरायचं. पण गोव्यात गाडी पावसाळाभर उभी राहणार, म्हणून घरी आल्यावर पाणी काढून पुन्हा कूलंट भरायचं, अशी चिठ्ठी किटच्या खोक्यातच घातली आहे.

पहिली पडझड

कोइमतूरच्या ट्रॅक-डेला रायडर डाव्या वळणात पुढचं चाक गमावून पडला. त्याला खरचटलं, तेवढंच. गाडी डाव्या कुशीवर घसरत गेली. फूटरेस्ट गळ्यातून तुटला, लिव्हर खाचेतून, हँडलची नळी वाकली, फेअरिंगला तडा गेला. चासीचे आटे शाबूत. खोक्यात हे सगळे भाग जादा होते, दिवेलागणीपर्यंत गाडी उभी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या पहिल्या सत्रात होता. शेजारच्या तंबूत दुसऱ्या क्लबची तशीच गाडी तशीच पडली होती. ती पिकअपवर चढवून परत गेली.

एक गोष्ट मात्र निसटली होती. गट्टू आखूड असल्यामुळे डावं इंजिन कव्हर जमिनीला लागलं आणि कडेला कागदाइतकं पातळ होईपर्यंत घासलं. अजून चार-पाच मीटर घसरला असता तर तेल बाहेर आलं असतं. म्हणून कव्हरावर दुसरं जाड कव्हर आता किटमध्ये आलं आहे. गट्टूची लांबी वाढवावी असं काकांचं मत होतं, मालकाने आणि मी ते मानलं नाही. काकांना अजूनही ते पटलेलं नाही, आणि पुढची पडझड कोणाच्या बाजूने बोलेल ते सांगता येत नाही.

धंदा म्हणून बघितलं तर चित्र सरमिसळ आहे. पूर्ण किट घेणारे थोडे. बहुतेकांना फूटरेस्ट आणि लिव्हर हवेत, फेअरिंग नको, कारण स्वस्त फेअरिंग ऑनलाइन मिळते, भले तिला तेल साठवणारा तळ नसो. मालक आता मोडणाऱ्या सळ्या सुट्या, डझनावारी विकतो आणि पट्ट्या जवळजवळ पडत्या भावात देतो. मला हे धोरण पटतं. सळी मोडत राहणार.

काकांची चासी ताडपत्रीखालून निघाली आहे. आठवड्याच्या सुट्टीला पोरं ती कोल्हापूरला नेतात, नवख्यांना वळण शिकवायला ती उत्तम आहे. विकायला काढ म्हटलं की मालक विषय बदलतो.

आता आरसी 390 वाल्यांकडून त्यांच्या गाडीसाठी किट मागणारे फोन येऊ लागलेत. मालकाने आराखडा काढायला नकार दिला आहे. त्याने त्यांना पडलेल्या आरसींचे मोडके भाग पाठवायला सांगितलं, कुरिअरचा खर्च आपला. एका गोणीभर झाले की बसू म्हणतो. आतापर्यंत बंगळुरूहून दोन लिव्हर आणि एक कव्हर आलं आहे.